कोल्हापुरात ब्लॅक आयड सुझन लावायची तर मृगात नको, दसऱ्यानंतर लावा

ब्लॅक आयड सुझन म्हणजे रुडबेकिया. पिवळ्याधमक पाकळ्या, मधे काळपट तपकिरी उंचवटा, एकदा बघितलं की लक्षात राहणारं फूल. यूट्यूबवर परदेशी बागांचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना ते लावावंसं वाटतं आणि मग ऑनलाइन बी मागवलं जातं, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की लगेच पेरलं जातं, कारण पेरणी म्हणजे मृग हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. झेंडूला ते चालतं, झिनियाला चालतं, रुडबेकियाला अजिबात चालत नाही. जूनमध्ये पेरलेली रोपं आपल्या पावसात निम्मीअधिक कुजतात, आणि जी जगतात ती दसरा गेला दिवाळी गेली तरी नुसती पानांचा गोल करून जमिनीला चिकटून बसतात, कळी नाही, दांडा नाही, काही नाही. मग माणूस म्हणतो की हे विलायती झाड आपल्या हवेत होतच नाही. होतं हो, आणि कोल्हापूरच्या हवेत तर चांगलं होतं. फक्त त्याचं वेळापत्रक वेगळं आहे, ते नीट समजून घेतलं तर बाकीची मेहनत फार नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी दिवस-रात्रीचं गणित

शेवंती सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिच्यावरून सांगतो. दिवस लहान व्हायला लागले आणि रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. शेवंतीच्या शेतात, पॉलीहाऊसमध्ये रात्री बल्ब पेटलेले तुम्ही बघितले असतील, ते एवढ्यासाठीच असतात की मधेच उजेड पाडून मोठी रात्र तोडायची, म्हणजे झाड लवकर फुलावर न येता आधी उंच वाढतं. रुडबेकियाचं बरोबर याच्या उलट. हिला दिवस मोठा आणि रात्र छोटी लागते, तेव्हाच ती दांडा वर काढते. हिचं घर उत्तर अमेरिकेतलं, तिथल्या गवताळ माळांवर, रस्त्याकडेला ही आपोआप उगवते, आणि तिथं उन्हाळ्यात दिवस चौदा-पंधरा तासांचा असतो. आपल्याकडं कोल्हापुरात डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमध्ये फार तर सव्वातेरा तासांचा. म्हणजे फरक आहे पण थोडाच, आणि त्या थोड्या फरकाचा फायदा घ्यायचा तर झाड मार्चपर्यंत तयार होऊन बसलेलं पाहिजे.

याचा सरळ अर्थ असा की पावसाळा सरला की पेरायचं, थंडीभर रोपाला पानं आणि मुळं करू द्यायची, आणि शिमगा झाला, दिवस वाढायला लागले की ते दांडे काढतं आणि चैत्र-वैशाखात फुलतं. जातीजातीत पंधरा दिवस इकडं तिकडं होतं, पण क्रम हाच. जूनमध्ये पेरलं तर रोप मोठं होईपर्यंत दिवस लहान व्हायला लागलेले असतात, मग ते पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत बसतं आणि मधल्या काळात अख्खा पावसाळा त्याच्या डोक्यावर. एवढं एक कळलं की अर्धी लढाई जिंकलीच म्हणायची.

रोपवाटिकेत मागताना

रोपवाटिकेत जाऊन ब्लॅक आयड सुझन द्या म्हटलं की बहुतेक वेळा वेल देतात. पाच पाकळ्यांची, नारिंगी नाहीतर पिवळी, मधे काळं गडद भोक असल्यासारखी फुलं, पानं बाणाच्या टोकासारखी. ती थनबर्जिया अलाटा, मूळची पूर्व आफ्रिकेतली, अडुळशाच्या कुळातली. ती पण सुंदर आहे, तिच्याबद्दल पुढं सांगतो, पण तिची लागवड पूर्ण वेगळी. आपल्याला पाहिजे ती रुडबेकिया हिर्टा, सूर्यफूल, झेंडू, गॅलर्डिया यांच्या कुळातली. ओळखायला सोपी आहे, पानाला हात लावा, बारीक खरखरीत केस लागतात, देठालाही लागतात. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना थोडी खाज सुटू शकते, त्यांनी काम करताना हातमोजे घालावेत.

रोपं मिळणं अवघडच, त्यामुळं बी घेणं बरं. पाकिटावर रुडबेकिया हिर्टा लिहिलेलं बघून घ्या आणि पॅकिंगचं वर्ष बघा, शक्यतो चालू वर्षाचंच घ्या. रुडबेकिया फुल्गिडा गोल्डस्टर्म म्हणून एक फार गाजलेली जात आहे, १९९९ साली अमेरिकेत तिला वर्षातलं बहुवर्षायू झाड असा मान मिळाला होता, फोटो बघून मोह होतो, पण ती कडाक्याची थंडी पडते तिथली, कोल्हापूरसाठी मी तिच्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

हिर्टातल्या कुठल्या घ्यायच्या? जागा जमिनीत असेल तर इंडियन समर, तीन-साडेतीन फूट जाते, फूल तळहाताएवढं मोठं, १९९५ मध्ये तिला ऑल अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळालेला आहे. कुंडीसाठी टोटो, फूटभर उंचीची, गच्ची-बाल्कनीला हीच बरी. प्रेअरी सन नावाची एक येते तिचा डोळा काळा नसून हिरवा असतो, पाकळ्यांची टोकं फिकट, वेगळी दिसते. चेरोकी सनसेट डबल पाकळ्यांची, तांबूस-नारिंगी-पिवळ्या मिश्र रंगात. चेरी ब्रँडी लालसर. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी साधी एकेरी पिवळीच लावा, मधमाश्याही तिच्यावर जास्त मोकळेपणानं बसतात.

मोठ्या फुलांच्या जातींना ग्लोरिओसा डेझी म्हणतात, त्यामागं एक गोष्ट आहे. अल्बर्ट ब्लेकस्ली या शास्त्रज्ञानं कोल्चिसिन नावाचं रसायन वापरून रुडबेकियाची गुणसूत्रं दुप्पट केली, त्यामुळं फुलं मोठी आणि देठ जाड झाले, आणि १९५७ मध्ये बर्पी या अमेरिकी बियाणं कंपनीनं त्या बाजारात आणल्या. हे कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीच्या कंदातही असतं, भयंकर विषारी आहे ते, पण वनस्पतीशास्त्रात त्यानं मोठं काम केलंय.

बी टाकणे

नवरात्र संपलं, परतीचा पाऊस थांबला की बी टाकायचं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा उत्तम, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालेल, त्यानंतर टाकलं तर फुलं येईपर्यंत वळीव डोक्यावर येतो.

बी लई बारीक असतं, काळं, काडीच्या तुकड्यासारखं, जेमतेम दोन मिलिमीटरचं. ते खोल गाडायचं नाही ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, उजेड लागला की ते चांगलं उगवतं. सीडलिंग ट्रे नाहीतर पसरट भांडं घ्या, खाली भोकं पाहिजेतच, त्यात निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळ खत, थोडी वाळू असं भरा, आधी नीट ओलं करून घ्या, मग बी वरून पसरा आणि बोटानं हलकं दाबा. वर माती टाकायचीच असेल तर चाळणीनं इतकी पातळ टाका की बी अर्धंमुर्धं दिसत राहील. झारीनं पाणी घालू नका, सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं, स्प्रे बाटलीनं फवारा नाहीतर ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या.

ट्रे उजेडात ठेवा पण भर दुपारचं ऊन नको. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर ट्रे ठेवला तर एका दुपारीत वाळून जातो, पूर्वेकडची खिडकी किंवा व्हरांडा बरा. वीस-चोवीस अंशांच्या आसपास तापमान असलं की आठवड्यात उगवण सुरू होते, उरलेली दोन-तीन आठवड्यांपर्यंत होत राहते, म्हणून आठव्या दिवशी निराश होऊन ट्रे उपडा करू नका.

या वयात रोपांना एकच मोठा धोका, देठ जमिनीजवळ काळा पडून रोप आडवं होतं, मर म्हणतात ती. कारण जास्त पाणी आणि कोंदट हवा. वरचा थर थोडा सुकू द्या मगच पुन्हा फवारा, आणि दाट उगवलेली रोपं निर्दयपणे विरळ करा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम घेऊन एकदा ट्रेमध्ये दिली तर आणखी चांगलं.

चार-सहा खरी पानं आली की रोप हलवायचं. पहिली दोन गोल पानं यात धरायची नाहीत.

जमीन, आणि आपल्या मातीचा प्रश्न

रुडबेकियाला भारी जमीन लागत नाही, उलट हलकी, निचऱ्याची, जरा गरीब जमीन तिला आवडते. आणि आपल्याकडं नेमकं उलटं. कसबा बावडा, फुलेवाडी, नदीकडचा सगळा भाग काळीभोर माती, उसाला सोन्यासारखी पण पाणी धरून ठेवणारी, चिकट. या मातीत सरळ रोप लावलं तर थंडीत एकवेळ चालून जातं पण पहिल्या जोरदार वळवानंतर मुळं गुदमरतात.

तपासायचं कसं तर फूटभर खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा, आणि दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनंतरही तसंच दिसलं तर त्या जागी वाफा उंच करायलाच पाहिजे. विटा आडव्या लावून सहा-आठ इंच उंच वाफा करा आणि त्यात दोन भाग पन्हाळ्याकडची जांभ्याची लाल माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू असं भरा. कुंडीलाही हेच मिश्रण, तळाला भोकांवर फक्त खापरीचा तुकडा.

वाळूवरून एक कळकळीची सूचना. आपल्याकडं फाउंड्र्या भरपूर, त्यामुळं फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू फुकट मिळते आणि काही जण ती बागेत वापरतात. वापरू नका. साच्यासाठी त्या वाळूत चिकट माती नाहीतर रेझिन मिसळलेलं असतं, वर धातूचे बारीक कण, ते मातीत गेलेलं काढता येत नाही. नदीची जाड वाळू नसेल तर विटांचा चुरा वापरा.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. लावताना रोपामागं मूठभर शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, बास. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळत असेल तर ती पूर्ण कुजवूनच घाला, ताजी गरम पडते. युरिया तर नकोच, नत्र जास्त झालं की पानं हातभर आणि देठ पोकळ, मग फुलाच्या वजनानं झाड लोळतं. कळ्या दिसायला लागल्यावर एकदा पातळ गांडूळ पाणी नाहीतर शेणाची स्लरी दिली की पुरे.

दोन रोपांत उंच जातीला दीड फूट, बुटक्या जातीला नऊ इंच ते फूटभर अंतर ठेवा. रोप लहान दिसतं म्हणून जवळजवळ लावायचा मोह होतो, पण फेब्रुवारीत त्याच रोपाच्या पानांचा घेर एवढा होतो की हवा खेळायला जागा राहत नाही आणि भुरी येते. कुंडी घ्यायची तर दहा-बारा इंची, एका कुंडीत एकच रोप. जागा अशी की दिवसात सहा तास तरी थेट ऊन मिळेल, आंब्याच्या नाहीतर नारळाच्या सावलीत लावून फुलं मागू नका.

लावताना रोपाचा मधला गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, गाभ्यात माती गेली की तिथूनच कुजायला सुरुवात होते.

थंडीतले महिने

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कंटाळवाणा वाटतो पण झाडाचं खरं काम याच काळात चालतं. वर दिसायला पानांचा एक चपटा गोल, खाली मुळं पसरत असतात. लोक इथंच धीर सोडतात, खत वाढवतात, पाणी वाढवतात, कुंडी इकडून तिकडं हलवतात. काही करू नका. दोन बोटं माती सुकली की पाणी द्या, तेही सकाळी आणि बुडाशी, पानांवर नको, कारण केसाळ पानावर पाणी अडकून राहतं आणि ठिपके पडतात. तण काढत राहा.

आच्छादनाला पाचट सोडून दुसरं काही शोधायची गरजच नाही, आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात पाहिजे तेवढं मिळतं आणि शेतात जाळलं जाण्यापेक्षा बागेत आलेलं कितीतरी चांगलं. बोटभर लांबीचे तुकडे करून दोन इंचाचा थर द्या, फक्त गाभ्यापासून चार बोटं लांब. मार्चपासून पुढं हेच पाचट ओल टिकवतं.

आता ज्यांना लवकर फुलं पाहिजेत, किंवा खात्रीच पाहिजे, त्यांच्यासाठी बल्बचा उपाय. शेवंतीवाले ज्या बल्बनं फूल लांबवतात त्याच बल्बनं रुडबेकियाचं फूल लवकर येतं. रोपाला आठ-दहा चांगली मोठी पानं झाली की एक साधा पिवळसर उजेडाचा ९ वॅटचा एलईडी बल्ब रोपांच्या वर तीन फुटांवर टांगायचा आणि रोज रात्री १० ते २ चालू ठेवायचा, स्वस्तातला टायमर लावला की उठायला नको. मोठी रात्र मधे तुटते, झाडाला ती छोटी वाटते. रोज न चुकता लावायचा आणि कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत चालू ठेवायचा, आठवडाभर लावून बंद केला तर उपयोग नाही. रोप फार लहान असताना मात्र हे करू नका, एकतर ते दाद देत नाही, आणि दिलीच तर बारकंसं एखादं फूल देऊन थकतं. वायर आणि होल्डर गच्चीवर असेल तर पाण्यापासून जपा, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

दांडा वर आल्यावर

मार्चमध्ये गाभ्यातून केसाळ दांडा वर यायला लागतो, मग वाढ भराभर होते. शेंडा खुडायचा का असं बरेच जण विचारतात. खुडला की फांद्या जास्त फुटतात हे खरं, पण फूल लांबतं, आणि आपल्याकडं पुढं वळीव आणि मग मृग उभा असतो, त्यामुळं मी खुडायला सांगत नाही. दिवस थोडे असताना फूल आधी येऊ द्या.

उंच जातींना याच वेळी आधार द्या. कळकाच्या काठ्या रोवून सुतळीनं आठच्या आकारात सैल बांधा. वळवाचा पाऊस येतो तो आधी वारा घेऊन येतो, कधी गाराही, आणि एका संध्याकाळीत तीन फुटी झाडं आडवी होतात. वादळ झाल्यावर काठी शोधण्यात अर्थ नाही, एप्रिल उजाडायच्या आत काठी लावलेली पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ पर्यंत जातो. जमिनीतलं झाड ते सोसतं, कुंडीतलं झाड दुपारी मान टाकतं. गच्चीवर पश्चिमेचं ऊन असेल तर दुपारी तीननंतर सावली मिळेल अशी सोय करा, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, आणि सकाळी लवकर भरपूर पाणी द्या. दुपारी मलूल दिसलं आणि संध्याकाळी आपोआप टवटवीत झालं तर काळजी नाही, पाणी कमी नव्हतं. संध्याकाळीही तसंच राहिलं तर आधी बोट घालून माती बघा, कारण जास्त पाण्यानं मुळं कुजली तरी झाड तसंच मान टाकतं, आणि त्यात आणखी पाणी ओतलं की संपलं.

फूल उमललं की थोडा वेळ काढून नीट बघा. पिवळ्या पाकळ्या म्हणतो ती एकेक स्वतंत्र वांझ फुलं आहेत, त्यांना बी धरत नाही. बी धरतात ती मधल्या काळ्या उंचवट्यातली शेकडो बारीक फुलं, आणि ती खालच्या कडेकडून वर अशी ओळीओळीनं उमलतात, त्यामुळं रोज पिवळ्या परागाचं कडं थोडं वर सरकलेलं दिसतं. शिवाय पाकळीचा बुडखा अतिनील किरण शोषून घेतो, आपल्याला सगळी पाकळी पिवळी दिसते पण मधमाशीला तिथं गडद वर्तुळ दिसतं, म्हणजे डोळा आपल्याला दिसतो त्याहून तिला मोठा दिसतो. सातेरी माश्या सकाळी यायला लागतात. म्हणून या काळात फवारणी करायचीच झाली तर सूर्य मावळल्यावर करा.

सुकलेली फुलं देठासकट खालच्या पानापर्यंत कापत राहा, झाड बी करण्यात ताकद घालवत नाही आणि नवीन कळ्या येत राहतात. फुलदाणीसाठी कापायची तर सकाळी, पाकळ्या पूर्ण उघडल्यात पण मधला भाग अजून घट्ट आहे अशी निवडा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला, आठवडाभर सहज टिकतात. हारासाठी किंवा गजऱ्यासाठी मात्र हे फूल नाही, वास नाही आणि देठातून तोडलं की पाकळ्या लगेच मलूल होतात.

कीड-रोग

फार नाहीत. कोवळ्या दांड्यावर मावा येतो, पाण्याचा जोरदार फवारा मारून खाली पाडा, तेवढ्यानं जात नसेल तर नीम तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून. कुंडीत पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. पांढरी भुरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसा ऊन रात्री गारवा असताना येते, सुरुवातीला दोन-चार पानं तोडून टाकली तरी थांबते, वाढली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पण नीम तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधक वापरू नका आणि कडक उन्हात तर कधीच नको, पानं करपतात. खालच्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके आले तर ती पानं तोडून बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात, टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय, आणि रोपांभोवती कोरडी राख टाकली तर पाऊस नसेपर्यंत उपयोग होतो.

वेल लावायची असेल तर

थनबर्जियाला वर सांगितलेलं दिवसाच्या लांबीचं बंधन नाही, म्हणून कोल्हापुरात नवख्या माणसाला ती सोपी जाते. बी मिऱ्याएवढं असतं, रात्रभर पाण्यात भिजवा, अर्धा इंच खोल लावा, दोन-तीन आठवड्यांत उगवतं. पावसाळ्याच्या शेवटी लावली तर थंडीत छान फुलते. सहा-आठ फूट चढते, जाळी किंवा दोरी पाहिजेच, सकाळचं ऊन आणि दुपारी थोडी सावली दिली की पुरे. एकच काळजी, बी गळून सगळीकडं उगवते, आणि उष्ण प्रदेशात काही ठिकाणी तिनं जंगलात शिरून उपद्रव केलेला आहे, म्हणून छाटलेली वेल पन्हाळा-गगनबावड्याकडं फिरायला जाताना रस्त्याकडेला टाकून देऊ नका, घरातच वाळवून कंपोस्ट करा.

बी धरणे आणि पावसाळा

मेच्या सुरुवातीपासून प्रत्येक झाडावरची चांगली दोन-तीन फुलं न कापता राखून ठेवा. पाकळ्या गळतात, मधला उंचवटा काळपट राखाडी होऊन कडक वाळतो, देठही वाळतो, तेव्हा कापायचं. वळवात भिजला तर बुरशी धरतो, त्यामुळं आभाळ भरून आलं असेल आणि तो जवळजवळ वाळलेला असेल तर कापून आत आणा आणि कागदावर सुकवा. हातमोजे घालून चोळला की काळं बी खाली पडतं, कोंडा फुंकरीनं उडवा. कागदी पाकिटात घालून, जात आणि वर्ष लिहून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, दोन-तीन वर्षं उगवतं. शेजारी दुसरी जात असेल तर माश्या परागांची अदलाबदल करतात, त्यामुळं पुढच्या रोपांत रंग वेगळे निघू शकतात, ठरावीकच जात पाहिजे असेल तर नवीन पाकीट घ्या.

झाडाचं काय करायचं? रुडबेकिया हिर्टा थंड प्रदेशातसुद्धा फार तर दोन-तीन वर्षं जगणारं झाड आहे, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस पडतो त्यात जमिनीतलं झाड टिकवण्याच्या मागं लागू नका, उपटून कंपोस्टमध्ये घाला. कुंडीतलं एखादं फार आवडीचं असेल तर फुलं संपल्यावर दांडे बुडापासून चार बोटांवर कापा, कुंडी पत्र्याच्या शेडखाली नाहीतर वळचणीच्या आत, पावसाचा शिंतोडा येणार नाही पण उजेड असेल अशा ठिकाणी ठेवा, विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागते, आणि माती पूर्ण सुकली तरच थोडं पाणी. बुडातून नवीन पानांचा झुबका आला तर झाड जगलं, गणपतीनंतर नवीन माती भरून उन्हात आणा. गाभा मऊ, तपकिरी होऊन वास यायला लागला असेल तर ते झाड आणि ती माती दोन्ही टाकून द्या, त्या मातीत लगेच दुसरं काही लावू नका, कुंडी घासून कडक उन्हात वाळवूनच पुन्हा वापरा.